श्रावणांतल्या आवडी

“मला आवडलें” हें टीकाकाराचें वाक्य नव्हे, असें आम्हांस विद्यार्थिदशेंत शिकविण्यांत आलें, व पुढें आम्हीहि वर्गांत तेंच शिकविलें. आवड ही खाजगी, निर्णय हा सार्वजनिक. पहिलीला कारणें लागत नाहींत, दुसऱ्याला लागतात. ही वांटणी सोयीची आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्या टीकालेखांत लेखकाला काय आवडलें याचा अखेरपर्यंत पत्ता लागत नाहीं, ते लेख पुरे करण्यास विशेष चिकाटी लागते, हाहि वाचकांचा अनुभव असेल. म्हणून सरत्या श्रावणांत ज्या दोनतीन गोष्टींनीं मला खरोखर आनंद दिला, त्यांच्याविषयीं येथें लिहितों; कारणें जेथें सांपडतील तेथें तींहि देतों.

पहिला मान केसरबाई केरकरांच्या भैरवीचा. ‘जात कहां हो’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका सुमारें साडेतीन मिनिटांची आहे. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत धाडलीं, त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी ठेवली, आणि तींत या भैरवीचा समावेश झाला, ही हकीकत आतां बहुतेकांना ठाऊक आहे. इतकी ठाऊक आहे कीं, लोक हकीकतच सांगतात आणि गाणें ऐकावयाचें राहून जातें. मीं या महिन्यांत हकीकत बाजूस ठेवून गाणें ऐकलें. रोज एकदां, सकाळच्या चहानंतर.

या गाण्यांत आवाज प्रथमपासून पूर्ण उघडा आहे. लाडिकपणा नाहीं, आर्जव नाहीं. भैरवी म्हणजे मैफलीच्या शेवटीं श्रोत्यांचे डोळे ओले करण्याची एक ठराविक तरतूद, अशी समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे, आणि कोमल स्वरांवर रेंगाळून पुष्कळ गायक ती तरतूद इमानेंइतबारें अंमलांत आणतात. केसरबाई रेंगाळत नाहींत. १९२१ पासून अल्लादियाखांसाहेबांच्या तालमींत घोटून घेतलेला तो भरदार आकार आणि लयीचें तें भान, हीं दोन्हीं त्या भैरवींतहि सोडीत नाहींत. जाणाऱ्याला ‘कोठें चाललास’ असें विचारणारी ही स्त्री विनवणी करीत नाहीं. ती उत्तर मागते. गाणें संपल्यावर मन हळवें होत नाहीं, ताठ होतें. भैरवीनें असें व्हावें, हें मला नवीन वाटलें.

माझे एक तरुण सहकारी, संगीताचे चांगले जाणकार, यावर म्हणाले, “ही तर नुसती वानगी! तबकडींत बसतें तें गाणें नव्हे, गाण्याचा नमुना.” आक्षेप पोकळ नाहीं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीनचार मिनिटेंच मिळत, आणि तेवढ्यांत आलाप, बोलताना, सरगम सर्व कोंबण्याच्या हव्यासानें कित्येक थोर गवयांच्या तबकड्या एका दिवसांत चारी धाम उरकणाऱ्या यात्रेकरूसारख्या झाल्या आहेत. खुद्द केसरबाईंची ललितागौरी ऐकतांनाहि, राग आतां कोठें उलगडूं लागला तोंच दार लागलें, असें मला वाटतें. परंतु भैरवीची गोष्ट निराळी. किंवा अब्दुल करीमखांसाहेबांची ‘पिया बिन’ ही झिंझोटींतील ठुमरी घ्या. तिला आणखी एक मिनिट मिळतें तर काय झालें असतें, हा प्रश्नच मनांत येत नाहीं. मर्यादा बाहेरून लादलेली खरी; पण गाणाऱ्यानें तिच्याशीं तह केलेला आहे, आणि तह करणाराला हरलेला म्हणत नाहींत.

आणि दुसरें असें. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, दुसरें यान उडाल्यावर अवघ्या अकरा दिवसांनीं, निवर्तल्या. मैफली त्यांनीं त्याच्याहि बऱ्याच आधीं थांबविल्या होत्या. माझ्या वयाच्या माणसानें त्यांना समोर बसून ऐकलेलें असणें शक्यच नाहीं. तबकडी ही नुसती वानगी असेल, तर जिची ती वानगी तो माल आतां त्रिभुवनांत कोठें मिळावयाचा नाहीं. मग आमच्या पिढीनें त्यांच्याविषयीं प्रेमानें जें कांहीं बोलावें तें सारें ऐकीव ठरेल. मला हें मान्य नाहीं. जें उरलें आहे तें पूर्ण कृति म्हणून ऐकण्याचा व तिच्यावर पूर्ण निर्णय देण्याचा हक्क आम्हांला असला पाहिजे. ज्येष्ठ रसिकांच्या आठवणी आदरानें ऐकाव्या. पण त्या आठवणींच्या शेजारीं उभी करून तबकडीला ठेंगणी ठरवूं नये.

याच भरांत लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ पुन्हा हातीं घेतलीं. १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची थोरवी नव्यानें सांगण्याची गरज नाहीं. मला या खेपेस जाणवलें तें इतकेंच कीं, केसरबाईंच्या भैरवींत जें नाहीं तें येथेंहि नाहीं. सत्तावन्नच्या धामधुमीनंतर आईच्या वडिलांना फांशी झाली व त्या धक्क्यानें वडिलांना सोंवळ्याचें वेड लागलें, ही कथा लक्ष्मीबाई जवळजवळ विनोदानें सांगतात. त्या वेडापायीं घरच्या माणसांचे झालेले हाल वाचतांना आपण हंसतों, आणि दोन ओळी पुढें गेल्यावर हंसूं थिजतें. १८९५ सालीं पति ख्रिस्ती झाल्यावर वांट्यास आलेल्या वियोगाच्या वर्षांतहि वाचकाची कीव त्या मागत नाहींत. अलीकडचीं कांहीं आत्मचरित्रें पहिल्या पानापासूनच आपल्या खांद्यावर डोकें टेकवितात, खांदा अवघडतो. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या बाईला कोठें थांबावें हें कोणी शिकविलें, कोण जाणे.

आतां स्वयंपाकघर. श्रावणांत करटोलीं न खाणाऱ्याच्या रसिकतेवर माझा विश्वास नाहीं. गोव्याकडे यांनाच फागलां म्हणतात. या वेलींत नर निराळा व मादी निराळी, त्यामुळें लागवडीला त्रास, आणि अजूनहि हें फळ पुष्कळसें रानांतूनच येतें. पातळ चकत्या कराव्या, जून बिया काढाव्या, फोडणीवर परताव्या, वर ओलें खोबरें. चातुर्मासांत कांदा वर्ज्य मानणाराचीहि कांहीं अडचण होत नाहीं. गूळ मात्र घालूं नये. कारल्याची समजूत काढावी लागते, करटोल्याची नाहीं. आमच्या घरांत या मुद्द्यावर दोन पक्ष आहेत, आणि पावसाळा ओसरून करटोलीं मंडईतून दिसेनाशीं होईपर्यंत तडजोडीचें चिन्ह दिसत नाहीं.