लक्ष्मीबाईंची शांती आणि आपली निष्कर्षाची घाई

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी माझे आठ महिन्यांचे प्रयोग बाद झाले. कंट्रोलच चुकीचा निवडला होता. त्या दिवसांत संध्याकाळी परळहून दादरपर्यंत उगाच चालत जायचे. एकदा पोर्तुगीज चर्चपाशी लॅबमधली मैत्रीण भेटली. ती दर रविवारी तिथे मासला जाते. मी विचारलं, "प्रार्थनेनं खरंच शांत वाटतं?" ती म्हणाली, "रोज नाही वाटत. तरी येते." या उत्तरानं मी पुन्हा 'स्मृतिचित्रे' उघडलं.

लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राबद्दल आपण सहसा एका ओळीत बोलतो: संकटं आली, ख्रिस्ताची ओळख झाली, मन शांत झालं. पुस्तक असं सरळ रेषेत जातच नाही.

१८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा शोध मुक्कामाला पोचला. इकडे लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. पदरात लहानगा दत्तू, आसरा नातलगांचा, आणि वय साधारण माझ्याएवढंच. म्हणजे एकाच घटनेनं एकाला समाधान दिलं आणि दुसरीला आयुष्यातलं सगळ्यात मोठं संकट. नमुना म्हणून फक्त टिळकांना घेतलं, तर 'श्रद्धेनं शांती मिळते' हा निष्कर्ष सहज निघतो. लक्ष्मीबाईंना घेतलं की तो तिथेच अडखळतो.

आता कालक्रम बघा. त्या पतीकडे परतल्या, पण सोवळं लगेच सुटलं नाही. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. मध्ये पाच वर्षं गेली. त्या वर्षांत त्यांना सांभाळलं ते हिंदू नातलगांनी. मग शांतीचं श्रेय कुणाला द्यायचं? श्रद्धेला, माहेरच्या माणसांना, नवऱ्याशी पुन्हा जुळलेल्या संसाराला, की स्वतः विचार करून घेतलेल्या निर्णयाला? हे सगळे घटक एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे काढता येत नाहीत. आपल्या भाषेत, इथे कंट्रोल नाही.

पुराव्याची दुसरी अडचण काळाची. पुस्तकाचा पहिला भाग आला १९३४ मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्याच्या त्या बातमीनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. शांत झालेलं माणूस मागे वळून बघतं तेव्हा जुनं दुःखही थोडं निवलेलं दिसतं. शिवाय ज्यांना श्रद्धेत काहीच सापडलं नाही, त्यांची आत्मचरित्रं आपल्या कपाटात क्वचितच असतात.

मग पुस्तकावर विश्वास का ठेवायचा? माझं कारण असं: लक्ष्मीबाई स्वतःच्या निष्कर्षाला गैरसोयीची ठरणारी निरीक्षणं गाळत नाहीत. नवऱ्यावरचा राग, धर्मांतराचा धक्का, स्वतःचा हट्ट, बावळटपणा, सगळं लिहितात आणि वर हसतात. टिळकांना संत करून ठेवत नाहीत. साक्ष देणारी व्यक्ती स्वतःच्या विरुद्ध जाणारं सांगते तेव्हा तिचं बाकीचं बोलणंही वजनदार होतं. या पुस्तकात मला शांती दिसते ती त्या हसण्यात. संकट संपल्याचा दावा त्यात नाही. त्याच्याकडे न घाबरता बघता येण्याची ताकद आहे. १९१९ मध्ये टिळक मुंबईतच वारले. त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. टिळकांच्या पश्चात त्यांनी ते काम हाती घेतलं, एवढं नक्की म्हणता येतं.

तुमच्यापैकी कुणी श्रद्धा, मानसिक आरोग्य, आधार अशा विषयावर प्रस्ताव लिहीत असेल, तर मुलाखतीत 'शांती मिळाली का?' एवढंच विचारून थांबू नका. कधी मिळाली, त्याआधी काय काय झालं, सोबत कोण होतं, आणि त्या शांतीची किंमत घरात दुसऱ्या कुणी मोजली का, हेही विचारा. शेवटचा प्रश्न मला टिळकांचं चरित्र वाचून सुचला नसता.

प्रयोग मी पुन्हा सुरू केलेत. यावेळी कंट्रोल आधी ठरवला. चर्चवरून अजूनही जाते. मैत्रीण दिसली तर थांबते.