पहुडलेले कुत्रे : आळसाचा आरोप आणि जागेचा अधिकार

भर उन्हाळ्याच्या दुपारी ओट्याच्या सावलीत अंग टाकून पडलेले म्हातारे कुत्रे पाहिले की ‘आळशी’ हे विशेषण आपल्या तोंडी सहज येते. वस्तुतः कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याला मुख्यतः धापा टाकण्यावर अवलंबून राहावे लागते. उन्हात हालचाल टाळणे ही त्याची शारीरिक गरज असते. म्हणजे ‘आळस’ हा पाहणाऱ्याने केलेला आरोप आहे, आणि त्यामागे प्राण्याने माणसाच्या उपयोगी पडलेच पाहिजे हे गृहीतक आहे. अरुण कोलटकर यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) या इंग्रजी संग्रहातील ‘पाय-डॉग’ या कवितेच्या आधारे हे गृहीतक तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. कोलटकरांनी मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत कविता लिहिली. त्यामुळे त्यांच्या इंग्रजी कवितेचा विचार मराठी समीक्षेच्या कक्षेबाहेरचा मानता येत नाही.

प्राचीन महाकाव्यांतील कुत्र्यांना अर्थ प्राप्त होतो तो माणसाच्या संदर्भातच. होमरच्या ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गातील म्हातारा आर्गोस दारापुढच्या शेणाच्या ढिगावर पडून असतो. तरुणपणी तो शिकारी कुत्रा होता. वीस वर्षांनी परतलेल्या धन्याला ओळखून तो शेपटी हलवतो, पण जवळ जाण्याचे त्राण त्याच्यात उरलेले नसते, आणि तो तेथेच प्राण सोडतो. त्याचे पडून राहणे ही धन्याच्या अनुपस्थितीची खूण आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिकपर्वातील कुत्रे युधिष्ठिराची अखेरपर्यंत सोबत करते. त्याचा त्याग करण्यास युधिष्ठिर नकार देतो, तेव्हा ते साक्षात धर्म असल्याचे प्रकट होते. एकाला निष्ठेने प्रतिष्ठा मिळते, दुसऱ्याला देवत्वाने. केवळ कुत्रे म्हणून असण्याला येथे पुरेसे मोल नाही.

महाभारतातच याहून वेगळी, तुलनेने कमी चर्चिली गेलेली कथा आहे. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्राच्या ठिकाणी सरमेचा पुत्र येतो आणि राजाचे भाऊ त्याला मारहाण करतात. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. निरपराध पोराला का मारले, या सरमेच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि ती शाप देते. येथे अपराध कृतीचा नाही. त्या जागी असणे हाच अपराध ठरतो. कोलटकरांचे ‘सर्प सत्र’ हे जनमेजयाच्याच यज्ञावरील काव्य २००४ मध्येच प्रसिद्ध झाले, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

‘पाय-डॉग’मधील निवेदक खुद्द कुत्राच आहे. मुंबईच्या काळा घोडा चौकातील त्रिकोणी वाहतूक-बेटावर तो भल्या सकाळी पहुडला आहे. आपल्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यांत त्याला सतराव्या शतकातील, अजून न जोडलेल्या सात बेटांच्या मुंबईचा नकाशा दिसतो. शहरावर पडलेला हा देह स्वतःच शहराचा नकाशा आहे. या कुत्र्याच्या वयाचा प्रश्न येथे गौण ठरतो; त्याचे पुरातनत्व वंशाचे आहे. आईकडून तो आपले नाते सर बार्टल फ्रियर यांनी १८६४ मध्ये कोल्ह्यांच्या शिकारीसाठी विलायतेहून आणवलेल्या तीस शिकारी कुत्र्यांपैकी तगलेल्या एकमेव कुत्रीशी जोडतो, तर वडिलांकडून युधिष्ठिराच्या मागे गेलेल्या कुत्र्याशी. म्हणजे सेवा आणि धर्म या दोन्ही परंपरांचा वारसा तो सांगतो. परंतु करतो काय, तर नुसता पडून राहतो. या विसंगतीतील विनोद उघड आहे. तथापि तो विनोदापाशी थांबत नाही. श्रेष्ठ कुळाचा दाखला देऊनही कोणाच्या कामी न येण्याची ही भूमिका उपयुक्ततेच्या निकषालाच नकार देते.

स्थळाचा संदर्भही अर्थपूर्ण आहे. या चौकाला नाव मिळाले ते सातव्या एडवर्डच्या अश्वारूढ पुतळ्यावरून. तो पुतळा १९६५ मध्ये तेथून हलवण्यात आला. सम्राट आणि त्याचा घोडा गेला, नाव उरले, आणि कवितेत त्या नावाच्या परिसरात कुत्रा आडवा झाला. उभ्या सत्तेच्या जागी पहुडलेला जीव, असा हा पालट आहे. मात्र कोलटकर त्याला विजयाचे रूप देत नाहीत. रहदारी सुरू होताच कुत्रा शहराचा ताबा त्याच्या तथाकथित मालकांकडे सोपवतो. त्याचा अधिकार काही घटकांपुरता आहे, आणि हे त्याला ठाऊक आहे.

ही कविता आज वाचताना २०२५ मधील घटना बाजूला ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली व परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टच्या सुधारित आदेशाने रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर त्यांच्याच परिसरात परत सोडण्यास सांगितले. चावा आणि रेबीज यांचे भय खरे आहे. त्याची झळ रस्त्यावर झोपणाऱ्या गरिबाला आणि लहान मुलांना अधिक बसते. त्यावर कवितेकडे उपाय मागणे गैर होईल. परंतु या वादाचा गाभा ‘जागा कोणाची’ हा आहे, आणि नेमका तोच प्रश्न कोलटकरांनी एकवीस वर्षांपूर्वी कुत्र्याच्या तोंडून विचारला होता. सरमेलाही उत्तर मिळाले नव्हते. सावलीत पडलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला आळशी म्हणण्यापूर्वी, ती सावली आपल्या एकट्याच्या मालकीची आहे असे आपण कशाच्या आधारे मानतो, याचा विचार ही कविता करायला लावते.