नजर कुठे, ओळख कुठे?

"माझ्या डोळ्यांत बघून सांग!" वर्गात हे वाक्य आपण किती सहज वापरतो. मुलाने नजर खाली वळवली की ते खोटे बोलते आहे, अशी आपली समजूत. पण मोठ्यांपुढे नजर खाली ठेवावी, असे अनेक घरांत त्याला शिकवलेले असते. उलव्यासारख्या नव्या वस्तीत तर जुन्या गावांतली, घाटावरची आणि परप्रांतातली मुले एकाच बाकावर बसतात. म्हणून चेहरा पाहण्याच्या सवयींविषयीचा एक गाजलेला प्रयोग येथे तपासून पाहू.

२००८ साली ब्ले, काल्दारा आणि सहकाऱ्यांनी १४ पाश्चात्त्य व १४ पूर्व आशियाई व्यक्तींना चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून त्यांच्या नजरेचा माग घेतला. पाश्चात्त्यांची नजर डोळे आणि तोंड यांवर फिरली. पूर्व आशियाई लोकांची नाकाच्या आसपास राहिली. सगळी माणसे चेहरा एकाच रीतीने पाहतात, हे गृहीतक त्यामुळे हलले. हे या प्रयोगाचे श्रेय.

मात्र यावरून 'संस्कृतीनुसार चेहराच वेगळा दिसतो' असे म्हणणे घाईचे होईल. चेहरे ओळखण्यात दोन्ही गट सारखेच ठरले होते! असे का व्हावे? हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहा. साधारण तेवढाच भाग पीतबिंदूवर पडून अगदी स्पष्ट दिसतो. पण भोवतालचे दिसणे थांबत नाही. नाकाकडे पाहणाऱ्यालाही डोळे आणि ओठ दिसतातच. नजर जिथे टेकते, तेवढेच मेंदू टिपतो असे नाही.

दुसरी उणीव अशी, की मोजक्या व्यक्तींवरून 'पूर्व' आणि 'पश्चिम' अशा दोन पेट्या तयार होतात. आपली मुले कोणत्या पेटीत घालायची? पीटरसन व एकस्टाइन यांनी २०१३ साली दाखवले, की नजर टेकवण्याची जागा एकाच समाजातही माणसागणिक बदलते, आणि ज्याला त्याला आपल्या नेहमीच्या जागेवरूनच चेहरा उत्तम ओळखता येतो. शिवाय पडद्यावरचे छायाचित्र कोणाला रागावत नाही. समोरचे गुरुजी रागावू शकतात!

तेव्हा खाली गेलेली नजर हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. मुलाचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे. डोळ्यांची उलटतपासणी करू नये.