‘अठराविश्वे दारिद्र्य’ : अर्थ, व्युत्पत्ती आणि वापर

मराठी चरित्रलेखनात व कथात्म साहित्यात दारिद्र्याची पराकाष्ठा सांगताना ‘अठराविश्वे’ हे विशेषण हमखास योजले जाते. ‘दारिद्र्य’ हे संस्कृत ‘दरिद्र’पासून झालेले भाववाचक नाम होय, त्याविषयी वाद नाही. ‘अठराविश्वे’चे मात्र तसे नाही. काही विद्यार्थी तर त्यात ‘विश्व’ म्हणजे जग शोधतात.

अध्यापनात रूढ असलेले स्पष्टीकरण असे : १८ गुणिले २० म्हणजे ३६०; चांद्र वर्षाच्या तिथीही तेवढ्याच; सबब वर्षभर पुरणारे दारिद्र्य. हे स्पष्टीकरण आकर्षक असले तरी रूपदृष्ट्या टिकत नाही. विसांनी मोजताना मराठी भाषक ‘तीन विसा’, ‘चार विसा’ असे म्हणतो. ‘विश्वे’ म्हणत नाही. ‘विश्वे’ हे ‘विश्वा’ अथवा ‘विसवा’ या पुल्लिंगी नामाचे अनेकवचन ठरते, आणि विसवा म्हणजे विसावा हिस्सा. उत्तर भारतात बिघ्याच्या विसाव्या भागास ‘बिस्वा’ म्हणतात. हिंदीत ‘बीस बिस्वे’ म्हणजे पूर्णपणे, निःसंशय. ज्योतिषातील ‘विंशोपक’ बलही वीस गुणांतच मोजले जाते. या मापाने अठरा विश्वे म्हणजे विसांपैकी अठरा हिस्से. रुपयाच्या हिशेबात चौदा आण्यांहून थोडे अधिक.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. पहिला अर्थ काळ सांगतो, दुसरा प्रमाण. दुसऱ्या अर्थात दोन हिस्से शिल्लक राहतात : गळके छप्पर, दोन भांडी, कदाचित गहाण पडलेला जमिनीचा तुकडा. अठरापगड जाती, अठरा कारखाने यांमुळे ‘अठरा’ला आलेला ‘सगळे’ हा अर्थ या शिल्लकीवर पडदा टाकतो.

चरित्रग्रंथांत तर हा शब्दप्रयोग पहिल्या प्रकरणात येतो आणि नायकाला शिष्यवृत्ती मिळताच नाहीसा होतो. घरात काय शिजत होते, कर्ज कोणाचे होते, आईने कोणता दागिना मोडला, हे वाचकास कळत नाही. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्य मोजताना दरडोई दररोज २,२५० कॅलरींचा आधार घेतला. त्या मापावर पुढे बरीच टीका झाली. परंतु टीका करता येण्याजोगे माप तेथे होते. ‘अठराविश्वे’ हेही मुळात मापच. चरित्रकारांनी त्याचे केवळ अलंकरण केले, हा या वापरावरील प्रमुख आक्षेप होय.

क्रमिक पुस्तकांच्या टिपांत ३६० दिवसांचे स्पष्टीकरण द्यावयाचेच असेल, तर ते लोकव्युत्पत्ती म्हणून द्यावे आणि ‘विसवा’ची नोंद त्याआधी यावी.