पंधरा एचपीचा मजकूर

दसरा झाला की मांजरसुंब्याच्या चौकातून ट्रॅक्टर जायला लागतात. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत पत्रे, भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि वर बसलेली पोरं. कुणी पाटोद्याकडून येतं, कुणी केजकडून, आणि हा सगळा लोंढा ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतो. बीड जिल्ह्यात ट्रॅक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो हा, पन्नास एचपीचा, कारखान्याच्या वाहतुकीला लागलेला. त्याचा हप्ता उसाच्या खेपा फेडतात. वावरात तो राबतो ते उरलेल्या महिन्यांत.

शोरूममध्ये त्याच्याच शेजारी, बहुतेकदा त्याच्या सावलीत, एक बुटका ट्रॅक्टर उभा असतो. महिंद्राचा युवराज 215, स्वराज 717, जिवो, कुबोटाचा निओस्टार, व्हीएसटी शक्ती ही या घराण्यातली नावं. गिऱ्हाईक आधी मोठ्याच्या सीटवर बसून बघतं आणि मग याच्याकडे, किंचित संकोचाने, वळतं. हा कारखान्याला जात नाही. याला हंगामाची आगाऊ उचल मिळत नाही, तोडणीच्या टोळीचा मुकादम विचारत नाही. याची किंमत यानेच, आपल्याच चार-पाच एकरांतून, फार तर शेजारच्या बांधापलीकडून काढायची असते. या ट्रॅक्टरचा प्रत्येक आकडा ही अट डोक्यात ठेवून वाचावा लागतो. तसा वाचला तर त्यात इतकी गंमत आहे की मोठ्याकडे बघावंसं वाटत नाही.

सुरुवात कानाने करावी. पंधरा एचपीच्या युवराज 215 ला सिलिंडर एकच, 863.5 सीसीचं. चार स्ट्रोकचं इंजिन म्हणजे दर दोन फेऱ्यांना एक ठोका. पूर्ण 2300 आरपीएमला मिनिटाला 1150 ठोके, सेकंदाला एकोणीस. चावी फिरवून नुसता चालू ठेवला की ठोके इतके सुटे पडतात की मोजण्याचा मोह व्हावा. स्टिअरिंग, मडगार्ड, सीट, सगळं त्या तालात थरथरतं. आता कुबोटाचा निओस्टार ए 211 एन ऐका. एकूण सीसी 1001, म्हणजे फार जास्त नाही. पण ती तीन सिलिंडरांत वाटलेली, आणि 2600 आरपीएमला मिनिटाला 3900 ठोके. ते वेगळे ऐकूच येत नाहीत, एक सलग सूर लागतो. दिवसभर द्राक्षाच्या नाहीतर मोसंबीच्या बागेत ब्लोअर ओढायचा असेल तर हा सलगपणा रात्री कंबरेला कळतो. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू वावरात, वर्षातून मोजकेच दिवस राबायचं असेल, तर एका सिलिंडरची थरथर मला चालेल. कमी भागांचं इंजिन उघडायलाही सोपं. थरथर म्हणजे दोष असं सेल्समन सांगतो तेव्हा तो बहुधा तीन सिलिंडरवालं मॉडेल विकत असतो.

मग वजन. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैल निवडणारा दात बघतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवून घेतो. तोच माणूस शोरूममध्ये रंगावर आणि हेडलाइटवर भुलतो, याचं मला नेहमी नवल वाटतं. इथे खांदा म्हणजे वजन. युवराज भरतो साधारण 780 किलो, आणि पन्नास एचपीचा गडी दोन टनांच्या आसपास. हलकेपणा हा या लहान्याचा खरा अलंकार आहे. पेरणीआधीच्या मऊ वावरात माती कमी दडपते, ओल जरा जास्त असली तरी रुतायची भीती कमी. पण बालाघाटावरची जमीन सगळी मऊ नाही. मांजरसुंब्याच्या आसपास माळाला मुरूम लगेच लागतो, उतार आहेत, सीताफळाखेरीज काही न मानवणारे तुकडे आहेत. तिथे नांगर लावला की हलका ट्रॅक्टर जागीच चाक फिरवतो. मग टायरमध्ये पाणी भरा, लोखंडी वजनं लावा, नाहीतर आधीच चारही चाकं ओढणारा घ्या. डीलरला विचारायचा प्रश्न 'एचपी किती' हा नाही. वजनं सोबत मिळतात का, की वेगळी घ्यावी लागतात, हे विचारायचं.

चाकांमधलं अंतर हा या मजकुरातला सगळ्यात नाजूक भाग. मागची चाकं आत-बाहेर सरकवून बसवता येतात. चार फुटांवर लावलेल्या कपाशीत हा ट्रॅक्टर दोन ओळींच्या मधून जातो आणि कोळप्याचं काम करतो. पऱ्हाटी डेरेदार होऊन सरी झाकेपर्यंत, म्हणजे मोजके आठवडेच, त्याला ही वाट मोकळी असते. बैलजोडीची जागा तो घेतो की नाही याचा निकाल याच आठवड्यांत लागतो. नांगरट काय, भाड्याचा मोठा ट्रॅक्टर येऊन करून जाईल. म्हणून इंची टेप घेऊन शोरूममध्ये जायला लाजू नये. आपल्या सरीचं माप खिशात असावं.

पीटीओबद्दल, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टबद्दल, थोडक्यात. त्याने मिनिटाला 540 फेऱ्या द्यायच्या हे ठरलेलं. प्रश्न त्या कोणत्या आरपीएमला मिळतात आणि तिथवर पोचेपर्यंत पंधरातले किती एचपी उरतात. पत्रकावर मोठ्या अक्षरात असतो तो इंजिनाचा आकडा, आणि रोटाव्हेटर फिरवतो तो दुसराच, नेहमी लहान. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची तपासणी होते, तिच्या अहवालात तो असतो. असलं रुक्ष गद्य मला चकचकीत पत्रकापेक्षा जास्त वाचनीय वाटतं.

आणि अखेर कोटेशन. एका पानाचा हा कागद खरा कसलेला लेखक लिहितो. पहिली ओळ किमतीची. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या किमतीवर 'खास सूट' दाखवली असेल तर तेवढं ताडून पाहावं. मग विमा, एमएच-23 चं पासिंग, हायपोथिकेशन. खाली बारीक अक्षरात हूड, बंपर, हिच, टॉपलिंक, ड्रॉबार. यातलं कंपनीकडून येतं काय आणि डीलर लावतो काय, हे या ओळीत मुद्दाम धूसर ठेवलेलं असतं. घासाघीस किमतीवर करण्यापेक्षा इथे करावी.

सगळ्यात सुंदर फसगत व्याजाच्या ओळीत असते. समजा तीन लाखांचं कर्ज, 'फक्त 10 टक्के', पाच वर्षं, सहामाही हप्ते. हा दर फ्लॅट, म्हणजे सुरुवातीच्या पूर्ण मुद्दलावरच धरलेला, असेल तर व्याज दीड लाख, आणि दहा हप्ते पंचेचाळीस हजारांचे. पण मुद्दल तर दर हप्त्याला घटत असतं. घटत्या शिल्लकीवर हिशेब मांडला तर हाच दर 16 टक्क्यांच्या वर जातो. लबाडी म्हणावी असा शब्द कागदावर एकही नाही. दुसरं म्हणजे हप्त्याचा महिना. कापूस-सोयाबीन विकून पैसा हातात येतो तो हिवाळ्यात. जूनमधला हप्ता म्हणजे बियाण्या-खताच्या तोंडावर सावकाराकडे जायची सोय. बँकेचं कर्ज जमीन गहाण ठेवून असेल तर सातबाऱ्यावर बोजा चढतो, आणि फेड झाल्यावर तो आपोआप उतरत नाही. स्वतः मागे लागून उतरवून घ्यावा लागतो.

अनुदानाची गोष्ट वेगळी. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा तर पूर्वसंमतीचं पत्र हातात येण्याआधीचं बिल चालत नाही. वेगळ्या एका योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांसाठी 9 ते 18 अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरला, त्याच्या उपसाधनांसह, 90 टक्के अनुदान आहे, साडेतीन लाखांच्या खर्चमर्यादेत. तिथे एचपीचा आकडा खरोखरच महत्त्वाचा.

शोरूमच्या फरशीवर दिलेला डेमो मात्र घेऊ नका. ट्रॅक्टर आपल्या वावरात बोलवा, रोटाव्हेटर जोडून बांधालगतच्या सगळ्यात कठीण तासात घाला, आणि कासऱ्यावर जन्म गेलेल्या घरातल्या म्हाताऱ्याला सीटवर बसवा. डीलर नाही म्हणाला तर बीडमध्ये दुसरेही डीलर आहेत.