विरघळणे आणि भरून येणे : मधुमेही रुग्णांतील विरघळणाऱ्या स्टेंटविषयीच्या पुराव्याची चिकित्सा

प्रस्तावना :

हृदयाला रक्तपुरवठा करणारी रोहिणी अरुंद झाल्यास ती आतून फुगा फुगवून रुंद करण्याचा उपचार आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिच येथे प्रथम केला. रुंद केलेली रोहिणी पुन्हा मिटू नये म्हणून १९८६ पासून धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, बसवण्यास सुरुवात झाली. जाळीच्या आत पेशींची अतिरिक्त वाढ होऊन मार्ग पुन्हा अरुंद होतो, हे लक्षात आल्यावर औषधाचा लेप दिलेले स्टेंट आले. तरीही धातू कायमचाच राहिला. या मर्यादेवर उत्तर म्हणून विरघळणाऱ्या स्टेंटची कल्पना पुढे आली. रोहिणीला हवा तेवढा काळ आधार द्यावा आणि मग जाळीने नाहीसे व्हावे, असे तिचे सूत्र होते. या उपचाराला 'रक्तवाहिनीची पुनःस्थापना' असे आकर्षक नावही देण्यात आले. प्रस्तुत लेखात या सूत्रामागील गृहीतक मधुमेही रुग्णांच्या संदर्भात तपासले आहे. जाळी विरघळणे आणि रोहिणी भरून येणे या दोन भिन्न प्रक्रिया आहेत. संशोधनाने त्यांतील पहिली काळजीपूर्वक मोजली, दुसरी मात्र बऱ्याच अंशी गृहीत धरली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मधुमेह आणि रोहिणीची दुरुस्ती :

फुगा आणि जाळी यांमुळे रोहिणीच्या अंतःस्तराला इजा होते. हा एकपेशीय स्तर पुन्हा तयार होऊन जाळीच्या पट्ट्या त्याखाली झाकल्या जाणे म्हणजे जखम भरून येणे होय. हा स्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतो, रोहिणी लवचिक ठेवतो आणि रक्त गोठू देत नाही. मधुमेहात नेमके हेच कार्य बिघडलेले असते. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे प्रथिनांवर साखरेची संयुगे जमतात, दाह टिकून राहतो, नायट्रिक ऑक्साइड कमी पडते आणि दुरुस्तीसाठी लागणाऱ्या पूर्वज पेशींची संख्या व क्षमता दोन्ही घटतात. दुसऱ्या बाजूने रक्तबिंबिका अधिक चिकट होतात आणि गुठळी विरघळवण्याची शरीराची शक्ती मंदावते. म्हणजे उपयुक्त अंतःस्तर उशिरा येतो, तर अनावश्यक स्नायुपेशींची वाढ मात्र जोमाने होते. याखेरीज मधुमेहींच्या रोहिण्या बहुधा बारीक असतात आणि त्यांतील विकार लांबवर पसरलेला असतो.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फ्रीडम' चाचणीत अनेक रोहिण्यांचा विकार असलेल्या १९०० मधुमेहींचा अभ्यास झाला. पाच वर्षांत मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांचे एकत्रित प्रमाण औषधी स्टेंटच्या गटात २६.६ टक्के, तर बायपासच्या गटात १८.७ टक्के आढळले. धातूच्या स्टेंटने ज्यांची पुरेशी सोय केली नाही, अशा रुग्णांना विरघळणाऱ्या स्टेंटचे आश्वासन सर्वाधिक मोलाचे वाटावे, हे स्वाभाविक होते.

जाळीचे घड्याळ आणि रोहिणीचे घड्याळ :

या प्रकारातील सर्वाधिक अभ्यासलेला स्टेंट म्हणजे 'अ‍ॅबसॉर्ब'. तो पॉलिलॅक्टाइड या बहुवारिकाचा असून त्याचे पाण्याच्या संपर्कात हळूहळू विघटन होते. त्यातून लॅक्टिक आम्ल आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार होते. या प्रक्रियेस सुमारे तीन वर्षे लागतात. बहुवारिकाची ताकद धातूपेक्षा कमी असल्याने त्याच्या पट्ट्या सुमारे १५० मायक्रॉन जाड ठेवाव्या लागल्या. तुलनेच्या 'झायन्स' या धातूच्या स्टेंटमध्ये ही जाडी सुमारे ८१ मायक्रॉन आहे. जाड पट्टी रक्तप्रवाहात अधिक अडथळा आणते आणि झाकली जाण्यास अधिक वेळ घेते. शिवाय विघटन होताना पट्ट्यांची सलगता तुटते. त्या अगोदरच ऊतीत रुजलेल्या असतील तर काही बिघडत नाही. न रुजलेली पट्टी मात्र प्रवाहात लोंबकळते आणि तिच्यावर गुठळी जमू शकते. अतिविलंबाने झालेल्या गुठळ्यांच्या प्रतिमांचा अभ्यास करणाऱ्या 'इन्व्हेस्ट' नोंदवहीत पट्ट्यांची तुटलेली सलगता हेच सर्वाधिक आढळलेले कारण होते.

जाळीचे घड्याळ रसायनशास्त्राने ठरते. रोहिणीचे घड्याळ रुग्णाच्या शरीराने. मधुमेहात दुसरे घड्याळ मागे पडते, पहिले मात्र थांबत नाही. हा धोका तत्त्वतः सुरुवातीपासूनच दिसण्याजोगा होता. परंतु विघटनाचा मूलभूत अभ्यास डुकरांच्या निरोगी रोहिण्यांत झाला. मानवातील पाहणी प्रामुख्याने प्रकाशीय प्रतिमांवर अवलंबून राहिली. या तंत्राची भेदनक्षमता दहा ते वीस मायक्रॉन आहे. अंतःस्तराची पेशी त्याहून पातळ असते. त्यामुळे प्रतिमेत पट्टी 'झाकलेली' दिसते, ती कार्यक्षम अंतःस्तराने झाकली आहे की अन्य ऊतीने, हे त्यातून कळत नाही. 'झाकले जाणे' हे 'भरून येण्या'चे लक्षण आहे, पुरावा नव्हे.

मधुमेहींविषयीच्या पुराव्याचे मूल्यमापन :

२०१७ मध्ये अनेक चाचण्यांतील ७५४ मधुमेहींची माहिती एकत्र करून प्रसिद्ध करण्यात आली. हृदयविकाराने मृत्यू, त्याच रोहिणीमुळे झटका किंवा त्याच जागी पुन्हा करावा लागलेला उपचार यांचे एकत्रित प्रमाण एका वर्षात ८.३ टक्के होते. पूर्वनिश्चित मर्यादा १२.७ टक्के असल्याने उद्दिष्ट साध्य झाले, असा निष्कर्ष काढण्यात आला. नियामक संस्थेच्या दृष्टीने ही पद्धत मान्य असली, तरी तिच्या दोन उणिवा गंभीर आहेत. एक म्हणजे येथे रुग्णांच्या एका गटाची तुलना दुसऱ्या गटाशी न होता एका आकड्याशी झाली. वास्तविक यांतील काही चाचण्यांत धातूच्या स्टेंटचा तुलनागट उपलब्ध होता. दुसरे म्हणजे तीन वर्षे चालणाऱ्या प्रक्रियेचा निवाडा एका वर्षात दिला गेला. त्याच अभ्यासात गुठळीचे प्रमाण २.३ टक्के होते, आणि त्याचा अधिक अभ्यास व्हावा असे संशोधकांनीही नमूद केले. परंतु शीर्षस्थानी राहिले ते यशच.

व्यापक चाचण्यांनी पुढे जे दाखवले, त्याच्याशी हे चित्र जुळत नाही. 'अ‍ॅबसॉर्ब-३' या २००८ रुग्णांच्या चाचणीत जवळजवळ एकतृतीयांश मधुमेही होते. त्यात २.२५ मिलिमीटरहून बारीक रोहिण्यांत एका वर्षात गुठळीचे प्रमाण ४.६ टक्के, तर धातूच्या स्टेंटमध्ये १.५ टक्के होते. नेदरलँड्समधील 'आयडा' चाचणीत दोन वर्षांत हे प्रमाण अनुक्रमे ३.५ आणि ०.९ टक्के आढळले. 'अ‍ॅबसॉर्ब-२' मध्ये तीन वर्षांनंतरही रोहिणीच्या आकुंचन-प्रसरणात अपेक्षित सरशी दिसली नाही; म्हणजे ज्या 'पुनःस्थापने'चे नाव घेतले गेले, तीच सिद्ध झाली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये उत्पादकाने या स्टेंटची विक्री थांबवली.

बारीक रोहिण्यांत हा स्टेंट बसवणे ही तंत्राची चूक होती, हा प्रतिवाद काही अंशी योग्य आहे. 'अ‍ॅबसॉर्ब-३' मध्ये तीन वर्षांनंतरचा धोका दोन्ही गटांत सारखा झाला, हेही मान्य करावे लागते. मात्र यातून मूळ प्रतिपादनास बळच मिळते. धोका संक्रमणकाळात होता, आणि ज्याची जखम सावकाश भरते त्याच्यासाठी तोच काळ सर्वाधिक कठीण असतो.

भारतीय संदर्भ :

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने स्टेंटच्या किमती निश्चित करताना विरघळणारे स्टेंट औषधी स्टेंटच्याच वर्गात धरून २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. त्यापूर्वी लाखाहून अधिक मोजलेली किंमत नेमक्या कोणत्या सिद्ध लाभासाठी होती, हा प्रश्न आजही अप्रस्तुत नाही. याउलट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टक्सेडो-इंडिया' चाचणीचा आदर्श समोर आहे. केवळ १८३० मधुमेहींवर, दोन औषधी स्टेंटची थेट तुलना करून ती भारतातच पार पडली. मधुमेहींसाठी पॅक्लिटॅक्सेल लेपाचा स्टेंट कमी पडत नाही, हा समज तिने खोडून काढला. तेथे अपयशाचे प्रमाण ५.६ टक्के, तर एव्हरोलिमस गटात २.९ टक्के होते. योग्य प्रश्न योग्य रुग्णांना विचारण्याची क्षमता येथे आहे, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप :

विरघळणाऱ्या स्टेंटची कल्पना संपलेली नाही. मॅग्नेशियमचे आणि पातळ पट्ट्यांचे नवे प्रकार आले आहेत; एप्रिल २०२४ मध्ये गुडघ्याखालील रोहिण्यांसाठी अशा स्टेंटला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि त्या रोहिण्यांचा विकार मोठ्या प्रमाणावर मधुमेहींचाच आहे. म्हणून मागील अनुभवाचा धडा निश्चित करणे आवश्यक ठरते. मधुमेहींना उपगट न मानता स्वतंत्र चाचणीचा विषय मानणे, तुलना आकड्याशी न करता रुग्णांच्या तुलनागटाशी करणे आणि पाठपुरावा विघटन पूर्ण होईपर्यंत चालू ठेवणे, या तीन अटी किमान समजल्या पाहिजेत. जाळी नाहीशी झाली म्हणजे जखम भरली असे नव्हे. हा भेद दुर्लक्षित राहिल्यास त्याची किंमत ज्यांची जखम सर्वांत उशिरा भरते, त्यांनाच मोजावी लागते.