बाळ येशूची यात्रा : सण कुठून आला, आणि त्यात आपण काय मागतो?

मागच्या काही व्याख्यानांत आपण गोदाकाठच्या सणांचा विचार केला. आज नाशिकरोडला जायचं आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी तिथे बाळ येशूची यात्रा भरते. मुंबई-वसईकडून, गोव्याकडून गाड्या भरून माणसं येतात. अनेक भाषांमध्ये मिस्सा होतात. रांगेत उभी असलेली सगळी माणसं ख्रिस्ती नसतात, हे आपण सगळेच जाणतो. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातलं कोणी ना कोणी तिथे मेणबत्ती लावून आलेलं असेल.

पण एक साधा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. येशूचा जन्म नाताळात साजरा होतो. मग बाळाची यात्रा फेब्रुवारीत कशी? आणि बाळच का? ज्या माणसाला तिशीच्या पुढे क्रुसावर मारलं, त्याचं बाळरूप नवसाला पावतं असं लोकांना का वाटावं?

आधी मुळाकडे जाऊ. शुभवर्तमानं चार. त्यांतल्या मार्क आणि योहान यांनी येशूचं बालपण सांगितलेलंच नाही. त्यांचा येशू थेट मोठा होऊनच येतो. बालपणीच्या कथा आहेत त्या मत्तय आणि लूक यांच्याकडे, आणि त्यांतही तारीख कुठेच नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांना जन्मदिवसाचं फारसं अगत्य नव्हतं. त्यांचा मोठा सण पुनरुत्थानाचा. हुतात्म्यांची आठवण करायची तीसुद्धा मृत्यूच्या दिवशी. 25 डिसेंबर ही तारीख आपल्याला स्पष्टपणे भेटते ती रोममधल्या इ. स. 354च्या एका पंचांगवजा संग्रहात.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, हा तर रोमन सूर्यदेवाचा सण, ख्रिस्ती लोकांनी उचलला. ऑरेलियन बादशहाने 274मध्ये अजिंक्य सूर्याची पूजा राजमान्य केली, हे खरं. पण अभ्यासकांचं दुसरं मतही तितकंच वजनदार आहे. येशूचा गर्भसंभव आणि मृत्यू एकाच दिवशी, 25 मार्चला, असं काही जुने लोक मानत. तिथून नऊ महिने मोजले की 25 डिसेंबर येतो. कोणतं मत धरायचं ते धरा, आमचा मुद्दा वेगळा आहे. तारीख कुठून आली हे कळलं म्हणून सणाचा अर्थ कळतो असं नाही. आपली संक्रांत सूर्याच्या गणितावर चालते, पण तिळगूळ देताना आपण जे म्हणतो त्याचा अर्थ गणितात सापडत नाही.

मग बाळ कुठून आलं? मध्ययुगात युरोपातल्या चर्चमधला ख्रिस्त मुख्यतः राजा होता, न्यायाधीश होता. 1223मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गवत, बैल आणि गाढव आणून खरी गव्हाण मांडली. आज घरोघरी जो गोठा मांडतात, त्या प्रथेला बळ मिळालं ते इथून. फ्रान्सिसला दाखवायचं होतं ते देवाचं दारिद्र्य. थंडीत, जनावरांच्या मध्ये, गवतावर पडलेला देव. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाशिकरोडच्या भक्तीचं मूळ मात्र प्रागला आहे. मूर्ती सोळाव्या शतकातली, स्पेनकडची. आत लाकूड, वर मेण, उंची हातभराहून थोडीच जास्त. एका स्पॅनिश सरदारकन्येने लग्नानंतर ती बोहेमियात नेली. तिची मुलगी पोलिक्सेना हिने 1628मध्ये ती प्रागच्या कार्मेलाईट मठाला दिली. तो तीस वर्षांच्या युद्धाचा काळ. 1631मध्ये सॅक्सन फौज शहरात शिरली, मठवासी पळाले. मूर्ती वेदीमागच्या अडगळीत पडली, तिचे हात तुटले. काही वर्षांनी फादर सिरिल यांना ती सापडली. परंपरा सांगते की प्रार्थना करताना त्यांना मूर्तीचे शब्द ऐकू आले : माझ्यावर दया करा, मला माझे हात द्या, म्हणजे मी तुम्हाला शांती देईन.

बघा, कथा काय सांगते. बाळ आधी स्वतः काहीतरी मागतं. हात मागतं. आशीर्वाद नंतर. पुढे 1655मध्ये मूर्तीला मुकुट चढला, आणि भरजरी वस्त्रांची परंपरा वाढत गेली. तुटक्या हाताची कथा मागे पडली आणि मुकुट पुढे आला. नाशिकरोडला आपण पाहतो ते हेच रूप : डोक्यावर मुकुट, डाव्या हातात क्रूस असलेला पृथ्वीचा गोल, उजवा हात आशीर्वादासाठी वर.

आपल्या किनाऱ्याला हे बाळ आधीच ठाऊक होतं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579मध्ये गोव्यात आला आणि त्याने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते 1616मध्ये राशोलला छापलं गेलं. म्हणजे येशूच्या जन्माची कथा मराठीत ओवीबद्ध होऊन चारशे वर्षं उलटली. गोव्यातच कोलवा इथे ‘मेनिनो जेझुस’ आहे. सतराव्या शतकात एका जेझुइट धर्मगुरूला ही मूर्ती मोझांबिकच्या किनाऱ्यावर मिळाली अशी परंपरा. तिचा सण ‘फामा’ ऑक्टोबरात असतो. फिलिपिन्समधल्या सेबूचा सांतो निनो 1521मध्ये मॅगेलनबरोबर गेलेला, त्याचा सण जानेवारीत. प्रागचा मोठा उत्सव मे महिन्यात. आणि आपला फेब्रुवारीत.

बाळ एकच, पंचांगं चार. याचा अर्थ असा की हे सण येशूच्या चरित्रातल्या एखाद्या दिवसाचे नाहीत. ते त्या त्या गावाचे आहेत. मूर्ती आली, नवस फळले, माणसं जमू लागली, दिवस ठरला. म्हणूनच इथली वर्तमानपत्रं ‘यात्रा’ हा शब्द वापरतात तो अगदी नेमका आहे. वांद्र्याच्या मोतमाउलीची जत्रा, नाशिकरोडची यात्रा. या शब्दांत आपण त्या सणाला आपल्या घरात घेतलेलं आहे. नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. यात्रा हा आपण दिला.

इथवर सगळं गोड आहे. आता टीकेकडे येऊ.

पहिली गोष्ट, बाळकृष्णाची. नाशिकच्या माणसाला बाळ येशू लगेच जवळचा वाटतो, कारण रांगता कृष्ण त्याच्या देव्हाऱ्यात आहे. पाळणा आहे, अंगाई आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीही नाताळात पाळणे म्हणतात. ही जवळीक खरी आहे, तिला नाकारायचं कारण नाही. पण फरकही बघायला हवा. बाळकृष्ण खोडकर आहे, बलवान आहे. पूतनेला तो पुरून उरतो. शुभवर्तमानातलं बाळ काहीच करत नाही. हेरोद राजा बेथलेहेममधली लहान मुलं मारायला निघतो, तेव्हा हे बाळ चमत्कार करत नाही. आईबाप त्याला घेऊन रातोरात इजिप्तला पळतात. मागे राहिलेली मुलं मारली जातात. त्या मुलांचाही सण आहे, 28 डिसेंबरला. त्याची यात्रा कुठे भरते? कुठेच नाही.

दुसरी गोष्ट. 2 फेब्रुवारीला चर्चमध्ये एक जुना सण असतो : जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी बाळाला यरुशलेमच्या मंदिरात नेलं, त्याचा. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाच्या यात्रेकरू बाईने यरुशलेममधला हा चाळिसावा दिवस पाहून लिहून ठेवलाय. पुढे त्या दिवशी मेणबत्त्यांना आशीर्वाद देण्याची रीत पडली. आपल्या यात्रेच्या जेमतेम आठवडाभर आधी हा दिवस येतो, पण यात्रेच्या गर्दीत त्याची आठवण किती जणांना असते? लूक सांगतो, आईबापाने गरिबांना परवडणारं अर्पण दिलं, पक्ष्यांची जोडी. कोकरू परवडलं नाही. आणि शिमोन नावाच्या म्हाताऱ्याने बाळ हातात घेतलं, देवाचे आभार मानले आणि आईला सांगितलं की तुझ्या काळजातून तलवार जाईल. आशीर्वाद आणि तलवार एकाच श्वासात. बाळ हातात घेणं म्हणजे काय, याचं एवढं कडक वर्णन दुसरीकडे क्वचितच मिळेल.

आता हे मुकुटाशेजारी ठेवून बघा. आम्हाला वाटतं की मुकुटाने एक गोष्ट झाकली आहे. गव्हाणीतलं बाळ म्हणतं, मला उचला. मुकुटातलं बाळ म्हणतं, मागा. पहिल्यात काम आपल्याकडे आहे, दुसऱ्यात आपण फक्त रांगेत.

याच शहरात याच्या बरोबर समोर ठेवावा असा एक पत्ता आहे : शरणपूर. 1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती उभी केली. ही मंडळी प्रॉटेस्टंट. मूर्ती, नवस यांना त्यांच्याकडे जागा नाही. पण मुलांना होती. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांवरून आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात, त्यांतली अनेक शरणपूरला आली. सुतारकाम, लोहारकाम, वाचन-लेखन शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. लिव्हिंगस्टन 1873मध्ये आफ्रिकेत मेला तेव्हा दफनविधीच्या प्रार्थना या नाशिकच्या मुलाने वाचल्या, झाडावर नाव कोरलं, आणि 1874मध्ये तो शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. मिशनच्या त्या कामात साम्राज्याचा हिशेब होताच, तो विसरायचा नाही. त्या मुलांना त्यांची घरं, त्यांच्या भाषा परत मिळाल्या नाहीत, हेही विसरायचं नाही. तरी ज्या शहरात आज बाळाची यात्रा भरते, त्या शहराने एकदा खरीखुरी पोरकी मुलं उचलून घेतली होती, एवढं आपल्याला माहीत असायला हवं.

नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या आणि नाशिकमध्येच 1936 साली वारलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. रेव्हरंड टिळकांच्या घरात परक्या मुलांचा किती राबता होता, आणि त्या मुलांना जेवू घालताना बाईंची काय तारांबळ उडायची! तिथे बाळाची मूर्ती नाही, पण बाळ आहे.

म्हणजे नवस करणारे चुकीचे आणि शरणपूरवाले बरोबर, असं आम्हाला म्हणायचं आहे का? नाही. इथे थोडं थांबू. रांगेत कोण असतं? मूल होत नाही म्हणून घरात बोलणी खाणारी बाई असते. आजारी पोराला कडेवर घेऊन आलेला बाप असतो. नोकरी गेलेला माणूस असतो. त्यांना ‘ही अंधश्रद्धा’ असं सांगणं फार सोपं आहे, आणि ते सांगणाऱ्याच्या घरी सहसा पोर आजारी नसतं. दवाखाना परवडत नाही, सासर ऐकत नाही, तेव्हा ज्याच्यापुढे लाज न वाटता रडता येतं अशी जागा माणूस शोधतो. बाळापुढे कोणाला लाज वाटत नाही. बाळाने आपला न्याय करावा अशी भीती नसते. म्हणून वेगवेगळ्या धर्मांची माणसं तिथे बिचकत नाहीत. मोठ्या देवाकडे जायला जात, सोवळं, भाषा आड येते. बाळाला या गोष्टी कळतच नाहीत. यात्रेचं हे मोठेपण आहे, आणि हल्ली कोण कोणाच्या देवळात जातो याची मोजदाद सुरू झालेल्या दिवसांत ते जपायलाच हवं.

आमची तक्रार मागणाऱ्यांबद्दल नाही, मागण्यावरच थांबणाऱ्या सणाबद्दल आहे. शुभवर्तमानात मोठा झालेला येशू एका लेकराला शिष्यांच्या मध्ये उभं करतो आणि सांगतो की असं एखादं लेकरू माझ्या नावाने जो जवळ करील त्याने मला जवळ केलं. म्हणजे बाळ येशूच्या सणाची कसोटी खुद्द येशूनेच सांगून ठेवली आहे, आणि ती धर्म न विचारता कोणालाही लागू पडते. ज्या गावात बाळाची यात्रा भरते त्या गावात स्टेशनच्या फलाटावर झोपणाऱ्या पोराचं काय होतं? मुलीच्या जन्माला पेढे वाटतात की नाही? नवसाने मुलगाच मागायचा असेल, तर आपण नेमकं कोणत्या बाळापुढे उभे आहोत?

प्रागच्या मूर्तीने आधी हात मागितले होते, असं परंपरा म्हणते. सण कुठून आला याचं उत्तर इतिहास देतो : रोम, ग्रेच्चो, प्राग, गोवा, नाशिकरोड. त्याचा अर्थ काय, हे मात्र दर फेब्रुवारीला रांगेतून बाहेर पडणारी माणसं ठरवतात. आपण जाऊ तेव्हा जरूर मागू. पण बाळालाही काही हवं आहे का, हे तिथे विचारायला हरकत नाही.